क्युबाचे प्रांत आणि म्युनिसिपिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्युबावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. फिदेल, चे, साखर, सिगार, अमेरिकेची नाकेबंदी हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. पण कुठली घटना कुठल्या प्रांतात घडली, असं विचारलं की गोंधळ सुरू होतो, कारण आपल्याकडच्या पुस्तकांत आणि नकाशांत तीन वेगवेगळ्या काळांतले प्रांत सरमिसळ होऊन येतात. स्पॅनिश शिकणारे, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि लॅटिन अमेरिकेचा इतिहास आवडीने वाचणारे जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

क्युबात आज नेमके किती प्रांत आहेत?

15 प्रांत आणि कुठल्याही प्रांतात न येणारा एक विशेष म्युनिसिपिओ (म्युनिसिपिओ म्हणजे प्रांताखालचा, आपल्या तालुक्यासारखा विभाग). प्रांतांच्या पोटात 167 म्युनिसिपिओ आहेत. विशेष म्युनिसिपिओ धरून ही संख्या 168 होते.

जिथे 14 प्रांत आणि 169 म्युनिसिपिओ असं वाचाल, ती माहिती 2011 च्या आधीची समजा. सहा प्रांत लिहिले असतील तर ती 1976 च्या आधीची. हे दोन आकडे लक्षात ठेवले की निम्मा गोंधळ जागेवरच मिटतो.

पश्चिमेकडून पूर्वेकडे ते कसे लागतात?

बेट लांबट आहे, पूर्व-पश्चिम साधारण 1,250 किलोमीटर. क्षेत्रफळ जेमतेम 1 लाख 10 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. त्यामुळे प्रांत बरेचसे एकामागून एक रांगेत लागतात आणि पाठ करायला सोपे जातात.

अगदी पश्चिमेला पिनार देल रिओ. तंबाखूचा मुलूख. इथल्या वुएल्ता आबाहो भागातलं पान सिगारसाठी जगात सर्वोत्तम मानतात आणि विन्यालेसचं खोरं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्यानंतर आर्तेमिसा, हवाना आणि मायाबेके. हे तिघे एकमेकांना खेटून आहेत. मग मातान्सास. पर्यटकांचं वारादेरो इथलंच, आणि 1961 साली अमेरिकेच्या पाठबळाने झालेली चढाई जिथे मोडून काढली तो हिरोनचा किनाराही आजच्या मातान्सासमध्येच येतो.

बेटाच्या मध्यावर विया क्लारा, सिएनफुएगोस आणि सांक्ती स्पिरितुस. मग सिएगो दे आविला आणि कामाग्वे, हा सपाट, उसाचा आणि गुराढोरांचा प्रदेश. पुढे पूर्वेचे पाच: लास तुनास, ओल्गिन, ग्रान्मा, सांतियागो दे कुबा आणि टोकाला ग्वांतानामो.

दक्षिणेच्या समुद्रात वेगळं पडलेलं बेट म्हणजे इस्ला दे ला हुवेंतुद. विशेष म्युनिसिपिओ तो हाच.

म्युनिसिपिओ म्हणजे नगरपालिका का?

नाही. त्यात शहर असतं, आजूबाजूची खेडी असतात, शेतं आणि डोंगरही असतात. आपल्या तालुक्याच्या जवळ जाणारी ही व्यवस्था आहे, फक्त तिला स्वतःची निवडून आलेली सभा असते. मातान्सासमधला सिएनागा दे सापाता हा क्षेत्रफळाने देशातला सर्वांत मोठा म्युनिसिपिओ, आणि तो बव्हंशी दलदल आणि जंगल आहे. तिथे नगरपालिका म्हणावं असं काही शोधूनही सापडणार नाही.

सहा प्रांतांची जुनी रचना कुठून आली?

स्पेनच्या राजवटीतून. 1607 साली बेटाचे दोन भाग केले होते, पश्चिमेला हवाना आणि पूर्वेला सांतियागो. ही दुफळी क्युबाच्या मनातून आजही पूर्ण गेलेली नाही, हे पुढे दिसेलच.

1868 ते 1878 या दहा वर्षांत क्युबाने स्वातंत्र्यासाठी पहिलं मोठं युद्ध लढलं. फेब्रुवारी 1878 मध्ये सान्होनचा तह झाला आणि त्याच वर्षी स्पेनने बेटाची सहा प्रांतांत विभागणी केली: पिनार देल रिओ, हवाना, मातान्सास, सांता क्लारा, पुएर्तो प्रिन्सिपे आणि सांतियागो दे कुबा. स्पेन गेल्यावर नावं बदलली. पुएर्तो प्रिन्सिपेचं कामाग्वे झालं, पूर्वेच्या प्रांताला ओरिएन्ते म्हणू लागले, सांता क्लाराला 1940 मध्ये लास वियास हे नाव मिळालं. हद्दी मात्र जवळजवळ तशाच राहिल्या. प्रजासत्ताक आलं, माचादो आणि बातिस्ता हे हुकूमशहा आले नि गेले, 1959 ची क्रांती झाली, आणि तरीही क्रांतीनंतरची सतरा वर्षं हे सहा प्रांत टिकून होते.

मग 1976 मध्ये असं काय घडलं?

त्या वर्षी फेब्रुवारीत नवी राज्यघटना लागू झाली आणि जुलैत प्रांतरचनेचा नवा कायदा आला. सहाचे चौदा प्रांत झाले.

हे का करावं लागलं, ते ओरिएन्तेकडे पाहिलं की कळतं. या एका प्रांतात देशाची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या राहत होती. सगळा कारभार सांतियागोतून. सिएर्रा माएस्त्राच्या डोंगरातल्या गावाला, ओल्गिनच्या निकेलच्या खाणीला आणि बाराकोआच्या किनाऱ्याला मुख्यालय एकच. शिवाय प्रांत आणि म्युनिसिपिओ यांच्यामध्ये 'रेहिओन' नावाचा आणखी एक थर होता. असे 58 विभाग आणि त्यांच्याखाली 400 हून अधिक छोटे म्युनिसिपिओ. गावातला कागद वर पोहोचेपर्यंत तीन टेबलं फिरायचा.

1976 च्या कायद्याने मधला थर पूर्ण काढून टाकला, म्युनिसिपिओ एकत्र करून 169 वर आणले आणि प्रांत लहान केले. ओरिएन्तेचे पाच झाले. लास वियासमधून विया क्लारा, सिएनफुएगोस आणि सांक्ती स्पिरितुस निघाले. कामाग्वेतून सिएगो दे आविला सुटला आणि पूर्वेकडचा थोडा भाग नव्या लास तुनासला गेला. हवानाचे दोन केले, एक शहराचा प्रांत आणि एक भोवतालच्या ग्रामीण भागाचा.

नवीन लोकसत्ता संस्था, 'पोदेर पोपुलार', म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभा, देशभर नेण्याआधी 1974 मध्ये एकट्या मातान्सास प्रांतात चालवून पाहिल्या होत्या. आधी एका प्रांतात प्रयोग, मग देशभर अंमल, ही क्युबाची पद्धत तिथून रुळली. केंद्रीकरणासाठी ओळखल्या जाणाऱ्या राजवटीत ही सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे 2011 मध्ये नेमकं हेच पुन्हा झालं.

2011 मध्ये हवाना प्रांत का मोडला?

1976 च्या रचनेत एक विचित्र गोष्ट राहून गेली होती. हवाना शहराचा प्रांत वेगळा आणि त्याला वेढणारा हवाना प्रांत वेगळा. या दुसऱ्या प्रांताला स्वतःची राजधानीच नव्हती. त्याची कार्यालयं हवाना शहरात, म्हणजे दुसऱ्याच प्रांतात होती. पूर्वेच्या गावातल्या माणसाला किंवा पश्चिमेच्या गावातल्या माणसाला आपल्या प्रांताच्या कामासाठी आपला प्रांत ओलांडून जावं लागे.

ऑगस्ट 2010 मध्ये राष्ट्रीय सभेने बदल मंजूर केला आणि 1 जानेवारी 2011 पासून जुना हवाना प्रांत संपला. त्याच्या 19 म्युनिसिपिओंपैकी पश्चिमेचे 8 आर्तेमिसाला मिळाले आणि पूर्वेचे 11 मायाबेकेला. पिनार देल रिओमधून सान कृस्तोबाल, कांदेलारिया आणि बाहिया ओंदा हे तिघे आर्तेमिसात आले, त्यामुळे दोन्ही नवे प्रांत 11-11 म्युनिसिपिओंचे झाले. मायाबेकेचं मुख्यालय सान होसे दे लास लाहास, तर आर्तेमिसाचं त्याच नावाच्या शहरात. शहराच्या प्रांताचं 'सिउदाद दे ला हबाना' हे लांब नाव जाऊन नुसतं 'ला हबाना' उरलं. त्याच फेररचनेत वारादेरोचा स्वतंत्र म्युनिसिपिओही रद्द झाला. एकूण संख्या 169 वरून 168 झाली ती त्यामुळे.

या दोन नव्या प्रांतांना आणखी एक काम दिलं होतं. तोवर लोकप्रतिनिधींच्या सभेचा प्रमुख आणि प्रशासनाचा प्रमुख एकच असे. आर्तेमिसा आणि मायाबेकेत ही दोन पदं वेगळी करून पाहिली. 2019 च्या घटनेत देशभर जी रचना आली, तिची तालीम इथे झाली होती.

आर्तेमिसाचं महत्त्व मारिएल बंदरामुळेही आहे. 1980 मध्ये याच बंदरातून सुमारे सव्वा लाख क्युबन माणसं बोटींनी फ्लोरिडाला गेली. आज तिथेच परदेशी गुंतवणुकीसाठीचा विशेष विकास विभाग आहे. ज्या धक्क्यावरून लोक देश सोडून गेले, त्याच धक्क्यावर देश आता भांडवल बोलावतो आहे. क्युबाचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास एका बंदरात वाचायचा असेल तर मारिएल वाचावं.

हवाना हे शहर आहे की प्रांत?

दोन्ही. क्षेत्रफळ 728 चौरस किलोमीटर, सर्व प्रांतांत सर्वांत कमी. लोकसंख्या सर्वांत जास्त. त्यात 15 म्युनिसिपिओ आहेत. पर्यटकांना माहीत असलेली जुनी वस्ती म्हणजे ला हबाना विएहा, क्रांती चौकाचा भाग म्हणजे प्लासा दे ला रेवोलुसिओन, विमानतळ बोयेरोसमध्ये आणि खाडीपलीकडचा चिमुकला रेग्ला तो वेगळाच. हवानात राहणारा माणूस पत्ता सांगताना प्रांताचं नाव क्वचितच घेतो, म्युनिसिपिओचं घेतो.

ग्रान्मा हे नाव कसं पडलं? आणि सिएनफुएगोस प्रांत कामिलो सिएनफुएगोस यांच्या नावाचा आहे ना?

ग्रान्मा हे एका बोटीचं नाव. 1956 साली फिदेल कास्त्रो आणि त्यांचे साथीदार, सगळे मिळून 82 जण, मेक्सिकोच्या तुश्पान बंदरातून या बोटीने निघाले आणि 2 डिसेंबरला लास कोलोरादासच्या किनाऱ्याला लागले. तो किनारा ज्या भागात येतो त्याला 1976 मध्ये ग्रान्मा हे नाव दिलं.

नावाचं कारण समजतं, पण मला त्याची थोडी खंत वाटते. या प्रांताची राजधानी बायामो. क्युबाचं राष्ट्रगीत 'ला बायामेसा' याच शहराच्या नावाचं. 10 ऑक्टोबर 1868 रोजी कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस यांनी आपल्या गुलामांना मुक्त करून स्वातंत्र्ययुद्ध पुकारलं ते ला देमाहाग्वाही याच प्रांतात, मान्सानियोजवळ. इतका जुना वारसा असलेल्या मुलखाला बायामो हेच नाव शोभलं असतं.

सिएनफुएगोसबद्दलचा समज चुकीचा आहे. बोर्दो आणि लुइझियानातून आलेल्या फ्रेंच वसाहतकऱ्यांनी 1819 मध्ये हे शहर वसवलं. पुढे त्याला त्या वेळचे स्पॅनिश गव्हर्नर होसे सिएनफुएगोस यांचं नाव मिळालं. क्रांतिकारक कामिलो यांचं आडनाव तेच असणं हा योगायोग.

इस्ला दे ला हुवेंतुद कुठल्याच प्रांतात का नाही?

तो प्रांत व्हायला लहान आहे आणि नुसता म्युनिसिपिओ म्हणून सोडून देण्याइतका साधाही नाही. त्याचा कारभार थेट केंद्राशी जोडलेला आहे.

पूर्वीचं नाव इस्ला दे पिनोस. स्पेन गेल्यावर हे बेट क्युबाचं की अमेरिकेचं, हा वाद दोन दशकं चालला. बेटावर बरेच अमेरिकन जमीनमालक होते. क्युबाचा हक्क मान्य करणारा करार 1904 मध्ये झाला, पण अमेरिकेच्या सिनेटने त्याला मंजुरी दिली 1925 मध्ये. त्यानंतर इथे प्रेसिदिओ मोदेलो हा प्रचंड गोल इमारतींचा तुरुंग उभा राहिला. सांतियागोतल्या मोंकादा लष्करी ठाण्यावर हल्ला केल्याबद्दल फिदेल कास्त्रो यांना इथेच डांबलं होतं. मे 1955 मध्ये माफी मिळून ते बाहेर आले.

क्रांतीनंतर सरकारने इथे लिंबूवर्गीय फळबागा लावल्या आणि बागांच्या मधोमध निवासी शाळा बांधल्या. मुलं अर्धा दिवस वर्गात, अर्धा दिवस बागेत. अंगोला, मोझांबिक, इथिओपिया, नामिबिया अशा देशांतून हजारो विद्यार्थी इथे शिकायला आले. 1978 मध्ये बेटाचं नाव बदलून 'तारुण्याचं बेट' असं केलं. आज त्यातल्या बऱ्याच शाळा ओस पडल्या आहेत, पण आफ्रिकेतल्या कितीतरी डॉक्टर, शिक्षक आणि अधिकाऱ्यांचं शालेय स्पॅनिश याच बेटावरचं आहे.

मुख्य गाव नुएवा हेरोना. बोटीने जायचं तर मायाबेकेतल्या बाताबानोच्या धक्क्यावरून.

ग्वांतानामोचा अमेरिकन नाविक तळ प्रांताचा भाग मानतात का?

क्युबाच्या दृष्टीने हो. 1903 च्या भाडेकरारानेही जमिनीवरचं क्युबाचं अंतिम सार्वभौमत्व मान्य केलं आहे. ताबा मात्र अमेरिकेचा. सुमारे 117 चौरस किलोमीटरचा हा तळ उपसागराच्या तोंडावर आहे आणि आत असलेल्या कायमानेरा या क्युबन गावाला समुद्राकडे जायचं तर तळाच्या मधूनच वाट आहे. 1934 च्या तहानुसार दोन्ही बाजू राजी झाल्याशिवाय, किंवा अमेरिकेने स्वतःहून सोडल्याशिवाय, भाडेपट्टा संपत नाही. वर्षाचं भाडं 4,085 डॉलर. 1959 मध्ये एक धनादेश वटवला गेला, त्यानंतर क्युबाने एकही वटवलेला नाही.

जगाला ग्वांतानामो म्हटलं की तुरुंग आठवतो. प्रांत म्हणून पाहिलं तर त्यात बाराकोआ आहे, 1511 मध्ये वसलेलं स्पॅनिशांचं क्युबातलं पहिलं शहर.

प्रांताचा कारभार कोण चालवतं?

2019 च्या घटनेपासून गव्हर्नर आणि प्रांतिक परिषद. त्याआधी असलेल्या प्रांतिक सभा बंद झाल्या. गव्हर्नरचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि प्रांतातल्या म्युनिसिपल सभांचे प्रतिनिधी त्यावर मतदान करतात. मुदत पाच वर्षं. पहिली निवड 18 जानेवारी 2020 रोजी झाली, प्रत्येक पदासाठी एकच नाव होतं.

म्युनिसिपिओत लोकांनी थेट निवडलेल्या प्रतिनिधींची सभा असते आणि प्रशासन 'इन्तेन्देन्ते' पाहतो. या निवडणुकीत उमेदवार वस्तीतल्या सभेत हात वर करून ठरतात. एका प्रभागात किमान दोन, जास्तीत जास्त आठ. मग गुप्त मतदान. प्रचारसभा नाहीत, पोस्टरबाजी नाही. उमेदवाराचा फोटो आणि अर्ध्या पानाची माहिती सार्वजनिक ठिकाणी लावतात.

इथे स्पष्ट बोलायला हवं. कायद्याने मान्य पक्ष एकच आहे आणि प्रत्येक प्रांतात कम्युनिस्ट पक्षाच्या पहिल्या सचिवाचं वजन गव्हर्नरपेक्षा कमी नाही. घटनेने म्युनिसिपिओला स्वायत्तता दिली आहे, ती चांगलीच गोष्ट. पण पैसा, इंधन आणि सिमेंट वरून येत असेल तर स्वायत्त म्युनिसिपिओने रस्ता दुरुस्त करायचा कशाने? वस्तीतला प्रतिनिधी लोकांना भेटतो, तक्रारी लिहून घेतो, आणि पुष्कळदा त्याच्या हातात तेवढंच असतं.

एका प्रांतातून दुसऱ्यात राहायला जाता येतं का?

बहुतेक ठिकाणी जाता येतं, पत्त्याची नोंद बदलावी लागते. हवानाची गोष्ट वेगळी. 1990 च्या दशकात सोव्हिएत मदत आटली, पूर्वेकडून माणसांचे लोंढे राजधानीकडे आले, आणि 1997 मध्ये 217 क्रमांकाचा हुकूम काढून हवानात कायम राहण्यासाठी परवानगी सक्तीची केली. परवान्याशिवाय राहणाऱ्याला दंड करून मूळ प्रांतात परत पाठवत.

पूर्वेकडच्या या लोकांना हवानात 'पालेस्तिनो', म्हणजे पॅलेस्टिनी, म्हणून हिणवतात. घरदार नसलेले, उपरे, अशा अर्थाने. 1607 ची पूर्व-पश्चिम दुफळी म्हणतात ती ही. आणि गंमत नव्हे, वेदना अशी की हवानातली बांधकामं आणि पोलिसांची भरती बऱ्याच अंशी याच लोकांच्या जिवावर चालली.

लोकांना आपल्या प्रांताचा अभिमान असतो का?

बेसबॉलच्या मैदानावर बघा! राष्ट्रीय मालिकेत 16 संघ: 15 प्रांतांचा प्रत्येकी एक आणि इस्ला दे ला हुवेंतुदचा एक. रणजीत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ आमनेसामने आल्यावर जे होतं, तेच इथे हवानाचा इन्दुस्त्रिआलेस आणि सांतियागो यांच्या सामन्यात होतं, फक्त आवाज कितीतरी मोठा. 1976 मध्ये कागदावर जन्मलेल्या ग्रान्मा आणि लास तुनास या प्रांतांनी अलीकडच्या वर्षांत अजिंक्यपदं जिंकली. माझ्या मते या दोन प्रांतांना खरी ओळख मिळाली ती या विजयांनी; कायद्याच्या कलमांना ते जमलं नव्हतं.

जुनी नावं अजून वापरात आहेत का?

भरपूर. पूर्वेच्या पाचही प्रांतांतला माणूस परमुलखात स्वतःला 'ओरिएन्ताल' म्हणतो. सांतियागोतलं विद्यापीठ आजही ओरिएन्ते विद्यापीठ आहे. सांता क्लारातल्या विद्यापीठाच्या नावात लास वियास टिकून आहे. नव्या प्रांतांत मायाबेके हे नाव तिथल्या नदीवरून आलं, तेही जुनंच.

सर्वांत मोठा प्रांत कोणता?

क्षेत्रफळाने कामाग्वे, 15 हजार चौरस किलोमीटरहून थोडा जास्त. सर्वाधिक म्युनिसिपिओ हवानात, 15; त्याखालोखाल ओल्गिनमध्ये 14. सर्वांत कमी, प्रत्येकी 8, सिएनफुएगोस, सांक्ती स्पिरितुस आणि लास तुनासमध्ये. सर्वांत उंच शिखर पिको तुर्किनो, 1,974 मीटर, सांतियागो दे कुबा प्रांतात.

जुन्या पुस्तकात 'ओरिएन्ते' किंवा 'लास वियास' आलं तर आजचा प्रांत कसा ओळखायचा?

प्रांताचं नाव सोडा, गावाचं नाव धरा. फिदेल कास्त्रो यांचा जन्म 'ओरिएन्ते प्रांतातल्या बिरानचा' असं वाचलं, तर बिरान आज ओल्गिनमध्ये आहे. मोंकादाचं ठाणं सांतियागो शहरात, म्हणजे सांतियागो दे कुबा. 'लास वियास'मध्ये चे ग्वेव्हेरा यांनी डिसेंबर 1958 मध्ये जिंकलेलं सांता क्लारा आज विया क्लाराची राजधानी आहे, पण त्याच जुन्या प्रांतातलं त्रिनिदाद शहर सांक्ती स्पिरितुसमध्ये गेलं. पुएर्तो प्रिन्सिपे दिसलं तर कामाग्वे समजा. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स वेगळी. आणि 1976 ते 2010 दरम्यानच्या मजकुरात नुसतं 'हवाना प्रांत' असेल, तर तो राजधानीबाहेरचा ग्रामीण भाग होता, तेव्हा गाव आर्तेमिसात की मायाबेकेत हे नकाशावर पाहूनच लिहा.